रेणूवरील खूण : बायोटिनच्या साहाय्याने आर.एन.ए.चा मागोवा

धनगर आपल्या कळपातील मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा एक पट्टा ओढतो. दोन कळप एकाच माळावर चरावयास आले, तरी सायंकाळी कोणती मेंढी कोणाची याविषयी तंटा होत नाही. ही खूण दिसावयास साधी असली, तरी तिच्या अंगी तीन गुण असावे लागतात. ती दुरून ओळखता आली पाहिजे. पावसापाण्याने ती पुसली जाता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्यामुळे मेंढीच्या चरण्या-फिरण्यात कोणताही फरक पडता कामा नये. खुणेच्या ओझ्याने मेंढी बसून राहिली, तर ती खूण निरुपयोगीच ठरेल.

सजीवांच्या पेशीतील रेणूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. असंख्य रेणूंच्या गर्दीतून आपल्याला हवा असलेला रेणू ओळखावयाचा कसा? त्याच्यावर खूण करावी, तर ती ओळखू आली पाहिजे, टिकली पाहिजे आणि त्या रेणूचे मूळ वर्तन तिने बिघडविता कामा नये. आर.एन.ए. या रेणूच्या बाबतीत या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर १९८१ साली मिळाले. बायोटिन या जीवनसत्त्वाचा रेणू जोडलेले न्यूक्लिओटाइड, हे ते उत्तर होय. आज रोगनिदानाच्या चाचण्यांपासून मूलभूत संशोधनापर्यंत अनेक ठिकाणी या खुणेचा उपयोग होतो. ती कशी सापडली, कशी लावली जाते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

मूळ दफ्तर आणि त्याची नक्कल

तालुक्याच्या अभिलेख कक्षातील मूळ कागद सहसा बाहेर नेता येत नाही. ज्याला ज्या नोंदीची गरज असेल, त्याला तेवढ्या नोंदीची नक्कल दिली जाते. पेशीचा कारभारही असाच चालतो. आनुवंशिक माहितीचे मूळ दफ्तर म्हणजे डी.एन.ए. वनस्पती व प्राणी यांच्या पेशींत ते मुख्यतः केंद्रकात सुरक्षित असते. एखादे प्रथिन तयार करावयाचे झाले, की त्या प्रथिनाविषयीच्या मजकुराची तेवढी नक्कल काढली जाते व ती केंद्रकाबाहेर पाठविली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. होय.

यकृताच्या पेशीत आणि स्नायूच्या पेशीत मूळ दफ्तर जवळजवळ एकच असते. परंतु कोणत्या मजकुराच्या किती नकला काढल्या जातात, यात मोठा फरक असतो. साहजिकच, एखादी पेशी या घटकेला कोणते काम करीत आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर तिच्यातील नकला तपासाव्या लागतात. शिवाय इन्फ्लूएंझा, डेंग्यू, रेबीज, कोविड-१९ यांसारख्या रोगांच्या विषाणूंचे मूळ दफ्तरच आर.एन.ए.चे असते. त्यामुळे आर.एन.ए. ओळखता येणे ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाची राहत नाही, तर ती सार्वजनिक आरोग्याशी निगडित होते.

अडचण आहे ती प्रमाणाची. एका ग्रॅमचे एक लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतील साधारणपणे १० ते ३० भाग इतकेच आर.एन.ए. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत असते. आणि त्यातही विशिष्ट नकलेचा वाटा अत्यल्प असतो. या साऱ्या नकला चारच घटकांच्या माळांनी बनलेल्या असतात. अॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व युरॅसिल हे चार आधारक ज्यांत असतात, ते न्यूक्लिओटाइड म्हणजे या माळेचे मणी. मणी चारच असल्यामुळे एक माळ दुसरीहून वेगळी ठरते ती केवळ मण्यांच्या क्रमामुळे.

या क्रमाचाच शास्त्रज्ञ उपयोग करून घेतात. अॅडेनीनची जोडी युरॅसिलशी आणि ग्वानीनची जोडी सायटोसीनशी जमते. म्हणून ज्या माळेचा शोध घ्यावयाचा, तिच्याशी पूरक क्रमाची दुसरी माळ प्रयोगशाळेत तयार केली, तर ती गर्दीतून नेमकी आपल्या जोडीदाराला जाऊन चिकटते. अशा माळेला शोधक म्हणता येईल. परंतु शोधक चिकटला आहे हे कळावे कसे? त्यासाठी शोधकावर खूण हवी.

किरणोत्सर्गी खूण व तिची किंमत

दीर्घकाळ ही खूण किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची असे. न्यूक्लिओटाइडात फॉस्फरस असतोच. साध्या फॉस्फरसाच्या जागी फॉस्फरस-३२ हा किरणोत्सर्गी समस्थानिक घातला, की तयार होणारी माळ आपोआप किरण बाहेर टाकते. तिच्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवली, की शोधक जेथे असेल तेथे काळा डाग उमटतो. ही पद्धत अतिशय संवेदनशील आहे. तिचा आणखी एक मोठा गुण म्हणजे रेणूच्या रचनेत काहीही नवे जोडले जात नाही. म्हणून त्याचे वर्तनही रासायनिक दृष्ट्या बदलत नाही.

परंतु टिकाऊपणाच्या कसोटीला ही खूण उतरत नाही. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य १४.३ दिवसांचे आहे. म्हणजे आज तयार केलेल्या शोधकाची शक्ती दोन आठवड्यांत निम्मी आणि सुमारे सहा आठवड्यांत एक-अष्टमांश होते. शोधक साठवून ठेवता येत नाही. तो पुनःपुन्हा तयार करावा लागतो. त्याचे बीटा किरण हवेत काही मीटर अंतर जाऊ शकतात. म्हणून काम करताना मधे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा पारदर्शक अॅक्रिलिकचा पडदा ठेवावा लागतो. कामगारांच्या अंगावर किरणमापक बिल्ले, हातमोजे, सांडलेल्या थेंबाचा तपास, कचरा वेगळा साठविण्याची व्यवस्था आणि या सर्वांच्या नोंदी हे सारे ओघानेच येते. मोठ्या संस्थेला हा खर्च व ही शिस्त पेलते. लहान महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे निदानकेंद्र यांच्या दृष्टीने मात्र हा एक बंद दरवाजाच होता.

अंड्याच्या पांढऱ्या भागातील कोडे

हा दरवाजा उघडणारी किल्ली अगदी वेगळ्याच ठिकाणी सापडली. १९२७ साली लंडन येथील लिस्टर संस्थेत मार्गारेट बोआस या संशोधिका उंदरांच्या आहाराचा अभ्यास करीत होत्या. अंड्याचा वाळविलेला कच्चा पांढरा भाग हाच ज्यांच्या आहारातील प्रथिनांचा स्रोत होता, त्या उंदरांची कातडी खराब होऊ लागली, केस गळू लागले. यकृत खाऊ घातले की ते बरे होत. यकृतात या विकारावर उतारा असणारे काही तरी द्रव्य आहे, एवढे यावरून स्पष्ट झाले.

पुढे १९३६ साली हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रिट्झ कोगेल व बेन्नो ट्योनिस यांनी अंड्यातील पिवळ्या बलकातून यीस्टच्या वाढीस आवश्यक असे एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. सुमारे २५० किलोग्रॅम वाळविलेल्या बलकातून हाती आलेले द्रव्य जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास होते. या द्रव्याला त्यांनी बायोटिन हे नाव दिले. उंदरांना बरे करणारे यकृतातील द्रव्य आणि हे बायोटिन एकच होत, हे १९४० मध्ये सिद्ध झाले. १९४२ मध्ये अमेरिकेत विन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली.

उंदीर आजारी का पडत होते, याचा उलगडाही याच सुमारास झाला. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांना कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात असे एक प्रथिन आढळले, की जे बायोटिनला घट्ट धरून ठेवते व शरीराला मिळू देत नाही. बायोटिनविषयीच्या या हव्यासावरून त्याला अॅव्हिडिन असे नाव मिळाले. अंडे शिजविले की या प्रथिनाची घडी मोडते व त्याची पकड नाहीशी होते. म्हणूनच शिजविलेल्या अंड्यापासून हा विकार होत नाही.

अॅव्हिडिन आणि बायोटिन यांची पकड ही निसर्गात आढळणाऱ्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. एकदा जुळलेली ही जोडी नेहमीच्या परिस्थितीत जवळजवळ सुटत नाही. १९६४ साली स्ट्रेप्टोमायसिस या मातीतील सूक्ष्मजंतूच्या एका जातीत असेच दुसरे प्रथिन सापडले. त्याला स्ट्रेप्टअॅव्हिडिन म्हणतात. या दोन्ही प्रथिनांच्या एकेका रेणूत बायोटिन धरून ठेवणाऱ्या चार खोबणी असतात. अॅव्हिडिनवर धन विद्युत्‌भार असल्याने ते ऋण विद्युत्‌भार असलेल्या डी.एन.ए. व आर.एन.ए.ला विनाकारणही चिकटते. स्ट्रेप्टअॅव्हिडिनमध्ये हा दोष फारच कमी असल्यामुळे आर.एन.ए.च्या कामात त्यालाच पसंती दिली जाते.

खूण कोठे जोडावी?

१९८१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात पेनिना लँगर, अॅलेक्स वॉल्ड्रॉप व डेव्हिड वॉर्ड यांनी या जोडीचा उपयोग करून घेण्याची युक्ती प्रसिद्ध केली. बायोटिन हा लहानसा रेणू न्यूक्लिओटाइडला जोडला, तर त्या न्यूक्लिओटाइडापासून बनलेली माळ स्ट्रेप्टअॅव्हिडिन वा अॅव्हिडिनच्या साहाय्याने केव्हाही शोधून काढता येईल, ही मूळ कल्पना होती. खरा प्रश्न होता तो जागेचा. युरॅसिलची अॅडेनीनशी जोडी जमते ती त्याच्या एका विशिष्ट बाजूने. खूण त्या बाजूला जोडली, तर जोडीच जमणार नाही आणि शोधक निकामी होईल.

युरॅसिलच्या कड्यातील पाचव्या क्रमांकाचा कार्बन अणू जोडी जमविण्याच्या कामात भाग घेत नाही. संशोधकांनी नेमकी हीच जागा निवडली. तेथे त्यांनी अणूंचा एक लांबट दुवा बसविला व दुव्याच्या दुसऱ्या टोकास बायोटिन जोडले. दुव्याचेही प्रयोजन आहे. बायोटिन धरणारी खोबण प्रथिनाच्या आत खोलवर असते. बायोटिन माळेला अगदी लगटून असेल, तर ते त्या खोबणीपर्यंत पोहोचणारच नाही. बाजारात मिळणाऱ्या बायोटिन-११-यू.टी.पी. किंवा बायोटिन-१६-यू.टी.पी. यांच्या नावांतील आकडे या दुव्याची लांबी दर्शवितात. यू.टी.पी. म्हणजे युरिडिन ट्रायफॉस्फेट. माळेत ओवला जाण्यास सिद्ध असलेला युरॅसिलचा मणी.

या रचनेचे यश असे, की माळ ओवणारी विकरे, म्हणजे पॉलिमरेज प्रथिने, हा बदललेला मणी साध्या मण्याप्रमाणेच स्वीकारतात, आणि तयार झालेली माळ आपल्या जोडीदाराला पूर्वीप्रमाणेच ओळखते. धनगराच्या रंगाच्या पट्ट्याची तिसरी कसोटी येथे पुरी झाली.

प्रयोगशाळेतील कृती

खूण केलेला आर.एन.ए. तयार करण्याची कृती आज अनेक पदव्युत्तर प्रयोगशाळांत केली जाते. ज्या मजकुराचा आर.एन.ए. हवा, तो मजकूर असलेला डी.एन.ए.चा तुकडा साचा म्हणून घेतला जातो. त्याच्या आरंभी टी-७ या जीवाणुभक्षी विषाणूच्या पॉलिमरेजला ओळखू येणारा एक संकेत बसविलेला असतो. टी-७ चे हे विकर या संकेतापाशी बसते आणि तेथून पुढच्या मजकुराची नक्कल काढू लागते.

त्यासाठी चारही प्रकारचे मणी द्यावे लागतात. युरॅसिलचे सर्वच मणी मात्र बायोटिनयुक्त देत नाहीत. रूढ मिश्रणात यू.टी.पी.च्या दर शंभर भागांपैकी सुमारे ३५ भाग बायोटिनयुक्त व ६५ भाग साधे असतात. खुणा फार दाट झाल्या, तर विकराची गती मंदावते आणि जोडी जमण्यातही अडथळा येतो. फार विरळ झाल्या, तर शोधक नीट दिसत नाही. हे मिश्रण ३७ अंश सेल्सिअस तापमानास सुमारे दोन तास ठेवले, की एकेका साच्यापासून अनेक नकला तयार होतात. नंतर डी.एन.ए. नष्ट करणारे विकर घालून साचा काढून टाकतात, आणि माळेत न ओवले गेलेले सुटे मणी आर.एन.ए.पासून वेगळे करतात. हे सुटे मणी राहून गेले, तर तेही स्ट्रेप्टअॅव्हिडिनच्या खोबणी अडवून बसतात व खरी खूण झाकली जाते.

या कामात सर्वांत मोठा शत्रू असतो तो माणसाचा हात. आर.एन.ए.चे तुकडे करणारी विकरे त्वचेवर, घामात, धुळीत सर्वत्र असतात आणि ती उकळूनही सहजासहजी नष्ट होत नाहीत. म्हणून हातमोजे, वेगळी राखलेली उपकरणे व खास प्रक्रिया केलेले पाणी वापरावे लागते. किरणोत्सर्गी पद्धतीत हातमोजे कामगाराच्या रक्षणासाठी असत. येथे ते मुख्यतः आर.एन.ए.च्या रक्षणासाठी असतात. नीट जपून अतिशीत तापमानास ठेवलेला बायोटिनयुक्त शोधक मात्र महिनोन्‌महिने वापरता येतो, कारण बायोटिनला अर्धायुष्य नाही.

खूण दिसते कशी?

बायोटिन स्वतः चमकत नाही, रंगही देत नाही. ते ओळखण्यासाठी स्ट्रेप्टअॅव्हिडिनला एखादे विकर किंवा चमकणारे रंगद्रव्य जोडलेले असते. शोधक आपल्या जोडीदाराला चिकटला, की त्यावर हे स्ट्रेप्टअॅव्हिडिन सोडतात. ते बायोटिनला पकडते. उरलेले धुऊन टाकतात. त्यानंतर विकराला योग्य ते रसायन पुरविले, की त्या जागी जांभळट निळा साका बसतो किंवा मंद प्रकाश बाहेर पडतो. एक विकर अल्पावधीत हजारो रेणूंचे रूपांतर करीत असल्यामुळे इवलीशी खूणही डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी होते. फिल्मवर डाग उमटण्यासाठी पूर्वी काही वेळा दिवसच्या दिवस थांबावे लागे. येथे निकाल बहुधा काही तासांत मिळतो.

उपयोगाची काही उदाहरणे

या पद्धतीचे सामर्थ्य लवकरच दिसून आले. १९८२ साली रॉबर्ट सिंगर व डेव्हिड वॉर्ड यांनी कोंबडीच्या स्नायूंच्या पेशींत अॅक्टिन या प्रथिनाच्या संदेशवाहक आर.एन.ए.चा शोध बायोटिनयुक्त शोधकाच्या साहाय्याने घेतला. या प्रयोगात शोधक डी.एन.ए.चा होता व बायोटिन ओळखण्यासाठी प्रतिपिंडे वापरली होती. नकला पेशीत आहेत, एवढेच नव्हे, तर त्या पेशीच्या कोणत्या भागात आहेत, हेही सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागले.

खूण केलेला आर.एन.ए. गळासारखाही वापरता येतो. शरीरात लोहाचा साठा करणाऱ्या फेरिटिन या प्रथिनाच्या नकलेवर आर.एन.ए.चा एक लहानसा वळसा असतो. लोहाची टंचाई असते, तेव्हा पेशीतील एक प्रथिन या वळशावर येऊन बसते व फेरिटिनची निर्मिती थांबविते. हे प्रथिन पेशीतील हजारो प्रथिनांतून वेगळे काढावे कसे? १९८९ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संशोधकांनी या वळशाचा बायोटिनयुक्त आर.एन.ए. तयार केला आणि त्याचा गळ टाकून ते प्रथिन शुद्ध केले. लोहाच्या कमतरतेशी शरीर कसे जुळवून घेते, याच्या आकलनात या प्रथिनाला महत्त्वाचे स्थान आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काचेच्या लहानशा पट्टीवर हजारो जनुकांचे शोधक मांडून एकाच वेळी तपासणी करण्याचे तंत्र पुढे आले. त्यातील एका प्रमुख पद्धतीत पेशीतील नकलांवरून बायोटिनयुक्त आर.एन.ए. तयार करून तो पट्टीवर सोडला जात असे. पुढे २०१३ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी या खुणेचा आणखी चतुर उपयोग केला. केंद्रके वेगळी करून त्यांना बायोटिनयुक्त मणी पुरविले, की नक्कल काढीत असलेले विकर त्यांपैकी एखादाच मणी ओवते आणि सहसा तेथेच थबकते. मग खूण केलेल्या माळा स्ट्रेप्टअॅव्हिडिन लावलेल्या चुंबकीय कणांनी ओढून काढावयाच्या व त्यांचा क्रम वाचावयाचा. अशा रीतीने त्या क्षणी मूळ दफ्तराच्या कोणत्या ओळीवर किती नक्कलकार बसले आहेत, हे अक्षराअक्षराच्या अचूकतेने कळते. अनेक जनुकांवर हे विकर आरंभापासून २० ते ६० अक्षरांच्या अंतरावर थांबून पुढील आज्ञेची वाट पाहत असते, ही गोष्ट या पद्धतीने फार स्पष्टपणे पाहता आली.

मर्यादांचे भान

कोणतीही खूण निर्दोष नसते. बायोटिन हे जीवनसत्त्व असल्यामुळे ते पेशींत मुळातच असते. यकृत, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांत ते काही विकरांना जोडलेल्या स्वरूपात विशेष आढळते. अशा ऊतींत स्ट्रेप्टअॅव्हिडिन आपल्या शोधकाऐवजी मूळच्या बायोटिनलाच पकडते व रंग उमटतो. म्हणून शोधक न घातलेला एक नमुना नेहमी सोबत तपासावा लागतो. तुलनेचा नमुना नसलेला रंगीत डाग हा पुरावा ठरत नाही.

दुसरी मर्यादा अशी, की बायोटिनयुक्त ट्रायफॉस्फेट मणी जिवंत पेशीच्या पटलातून आपणहून आत जात नाहीत. जिवंत पेशीत नव्याने तयार होणाऱ्या नकलांवर खूण करावयाची असेल, तर आधी पेशीला आत घेता येईल असा गंधकयुक्त घटक द्यावा लागतो आणि आर.एन.ए. बाहेर काढल्यानंतर त्या गंधकावर बायोटिन जोडावे लागते. तिसरी मर्यादा पकडीच्या बळकटपणाचीच आहे. गळाला लागलेला मासा गळापासून सोडविणे कठीण होते. त्यासाठी दुवा तोडता येईल अशा प्रकारचे बायोटिन वापरावे लागते. आणि प्रथिनाच्या पकडीचा अभ्यास करताना वळशातील नेमक्या जागी खूण आली, तर प्रथिन बसूच शकत नाही. अशा वेळी माळेच्या टोकालाच एक खूण करणे श्रेयस्कर ठरते. फार थोड्या प्रमाणातील आर.एन.ए. मोजावयाचा असेल, तर फॉस्फरस-३२ आजही कामास येतो. तात्पर्य, खूण निवडताना प्रश्न कोणता आहे हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडील संदर्भ

किरणोत्सर्गी द्रव्यांच्या वापरावर भारतात अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण असते. १९८३ साली स्थापन झालेल्या या परिषदेचे मुख्यालय मुंबई येथे आहे. नवी मुंबईतील वाशी येथून काम करणाऱ्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने आपल्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेमार्फत देशातील संशोधकांना फॉस्फरस-३२ युक्त न्यूक्लिओटाइड पुरविले आहेत. या व्यवस्थेमुळे भारतीय रेणवीय जीवशास्त्राला मोठा आधार मिळाला. ज्या संस्थांना किरणोत्सर्गी प्रयोगशाळा उभारणे शक्य नव्हते, त्यांना बायोटिनसारख्या खुणांनी दुसरा मार्ग उपलब्ध करून दिला.

कोविडच्या साथीत ही जोडी सामान्य नागरिकांच्या अगदी जवळ आली. दिल्ली येथील जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या ‘फेलुदा’ या कागदी पट्टीच्या चाचणीस सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. या चाचणीत विषाणूच्या आर.एन.ए.वरून तयार केलेल्या डी.एन.ए.च्या प्रतींवर बायोटिनची खूण केलेली असते. पट्टीवरील एका रेषेत स्ट्रेप्टअॅव्हिडिन असते. त्या रेषेवर या प्रती अडकतात, आणि विषाणूचा मजकूर ओळखणारे प्रथिन त्यांच्यासोबत असेल, तर रेषा उमटते. पट्टीवरील ती बारीक रेषा म्हणजे अंड्यातील त्या जुन्या कोड्याचेच एक दूरचे फलित होय.

या जोडीविषयी एक खबरदारीही सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे. केस व नखे यांच्या वाढीसाठी काही जण मोठ्या मात्रेत बायोटिनच्या गोळ्या घेतात. रक्ताच्या काही तपासण्यांतही बायोटिन व स्ट्रेप्टअॅव्हिडिन यांची पकड वापरलेली असते. रक्तात बायोटिन फार वाढले, तर ते या पकडीत ढवळाढवळ करते व निष्कर्ष खोटा वाढीव किंवा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला होता. हृदयविकाराच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी चुकीने कमी दाखविली जाण्याचा धोका त्यात विशेषत्वाने नमूद होता. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त देतेवेळी तसे डॉक्टरांना व प्रयोगशाळेला सांगितले पाहिजे. आरोग्य केंद्रांतून व शाळांमधून एवढी माहिती दिली गेली, तरी एखादे चुकीचे निदान टळू शकेल.

उपसंहार

१९२७ साली उंदरांच्या गळणाऱ्या केसांचे कारण शोधणाऱ्यांपुढे आर.एन.ए.वर खूण करण्याचा प्रश्न नव्हताच. कोंबडीच्या अंड्यातील एका प्रथिनाचा हव्यास चौपन्न वर्षांनंतर पेशीतील नकला वाचण्यास उपयोगी पडेल, असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर ते कोणाला खरे वाटले नसते. तत्काळ उपयोग दिसत नाही म्हणून एखादे संशोधन निरर्थक ठरवू नये, हा धडा या इतिहासातून मिळतो. आणि संशोधनासाठी निधी, जागा वा परवानगी देण्याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावयास हवा.

शिक्षकांच्या दृष्टीने तर हा विषय वर्गात मांडण्यास फार सोपा आहे. कच्चे अंडे, शिजविलेले अंडे, अभिलेख कक्षातील नक्कल आणि मेंढीच्या पाठीवरील रंगाचा पट्टा एवढे सांगितले, की आधुनिक जीवशास्त्रातील एका महत्त्वाच्या तंत्राचे सार विद्यार्थ्यांच्या हाती येते. खूण ओळखता आली पाहिजे, ती टिकली पाहिजे आणि जिच्यावर ती केली त्या वस्तूला तिने बदलता कामा नये, या तीन कसोट्या माळरानावर जशा लागू पडतात, तशाच त्या रेणूंच्या जगातही लागू पडतात.